व्याह्यांचा व्हायरस

दोष मुळ्येकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे कुठलीही गोष्ट शेवटापर्यंत आली की कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे रे, मोठे आहेत ते," आणि दोष कोणाचा होता ते राहूनच जातं. मोठे आहेत हे मलाही दिसतं. दोष त्यांचाच.

मुळ्येकाकांचं इंदूर शहरात, जुनी इंदूर नावाच्या भागात टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मानपत्रं, निवडणुकीची पत्रकं. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा बाबांनी मला तिथे नेऊन बसवलं. "घरी बसून आमचं डोकं खातो, त्यापेक्षा तुमच्याकडे बसू दे." तेव्हापासून काका गिऱ्हाइकांसमोर मला "इंजिनिअर साहेब" म्हणतात आणि मी पाठ फिरवली की "आधा इंजिनिअर". दुकान दहा बाय बाराचं आहे. पाठ फिरवली तरी सगळं ऐकू येतं.

आणि वानखेडे अंकल. ते महूहून येतात, टायपिंग करतात. त्यांचे आजोबा तिथल्याच छावणीत फौजेत होते, त्यामुळे अंकल खुर्चीतसुद्धा सावधानमध्ये बसतात.

आम्ही तिघं, तीन कॉम्प्युटर, आणि गावभरच्या लोकांचे पेन ड्राइव्ह. किस्से साचायला अजून काय लागतं? अँटिव्हायरसमध्ये एक कप्पा असतो. पकडलेल्या फायली त्यात ठेवतात. त्या पुसल्याही जात नाहीत आणि सुटतही नाहीत, नुसत्या पडून राहतात. तो कप्पा कोणी कधी रिकामा करत नाही. माझ्या डोक्यात तसाच एक झालाय.

त्या सगळ्यात माझी स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती. दुकानातला जुना मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. दुकानाबाहेर उघडला की मराठी राहत नाही, एबीसीडी आणि आकड्यांचा भुगा होतो. मी एक मॅक्रो लिहिला, म्हणजे वर्डच्या फाइलच्या पोटात बसणारा छोटा प्रोग्राम. त्याला फोल्डर दाखवलं की तो एकेक फाइल उघडणार, भुगा काढणार आणि त्या जागी मोबाइलवर वाचता येईल अशी मराठी लिहिणार. रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी, सगळं जागेवर. कॉलेजात जे कधी केलं नाही ते मी त्या एका फाइलवर केलं. मन लावून काम केलं.

ती फाइल आता नाही. का नाही, हे मला नीट कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं सांगतो.

*

सुरुवात झाली तेव्हा दुकानात अँटिव्हायरस नव्हताच. तीसेक किलोमीटरवरच्या सांवेरचे रामचंदर दा मुलीच्या लग्नाची पत्रिका पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आले. काकांनी उघडून बघितलं.

"खाली है ये तो."

"ऐसे कैसे? छोरे ने सवेरे भर के दिया."

"ठीक से नहीं भरा होगा. वापस भरवा के लाओ."

रामचंदर दा मोटारसायकलवरून सांवेरला गेले. दुपारी परत आले. पुन्हा रिकामा. काका म्हणाले, पुन्हा जा. संध्याकाळी ते तिसऱ्यांदा आले तेव्हा अंगावर एवढी धूळ होती की आधी मला ओळखू आले नाहीत. मी बाहेरून कार्डं वाटून आलो होतो. बघितलं, तर व्हायरसने फायली नुसत्या लपवून ठेवल्या होत्या. एक सेटिंग बदललं आणि पत्रिका दिसली. एक नाही, तीन. प्रत्येक फेरीची एक.

मी काकांकडे बघितलं. काकांनी रामचंदर दांकडे बघितलं.

"देखा? अब जा के ठीक से भरा."

*

मग काकांनी अँटिव्हायरस आणला. एक नाही आणला. भाच्याने दिलेला एक फुकटचा, कोणत्यातरी मासिकाच्या सीडीवर आलेला एक, आणि एक आपोआप आला, तो कुठून आला ते मला आजही माहीत नाही. तिन्ही एकाच मशीनवर.

दुसऱ्या दिवशी पहिल्याने दुसऱ्याला व्हायरस म्हणून पकडलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसरा पहिल्याच्या कप्प्यात शिरून तिथल्या पकडलेल्या फायली पुन्हा पकडत होता. स्क्रीनवर लाल खिडकीवर लाल खिडकी. मला एकदम आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगची आठवण झाली. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, तिघंही एकमेकांना चोर ठरवतात आणि चहा एकत्र पितात.

काका खूश होते. "बघ, किती काम करून राहिलेत."

मशीन इतकं हळू झालं की वर्ड उघडेपर्यंत वानखेडे अंकल पोहे खाऊन यायचे. मी म्हटलं, दोन काढून टाकू. काका म्हणाले, "का? तिघे असताना एक तरी व्हायरस आला का?"

नव्हता आला. एवढ्या हळू मशीनवर त्याला तरी काय करता येणार होतं?

*

शेवटी पैसे भरून एक नीट घेतला. तो बोलायचा. पेन ड्राइव्ह खराब निघाला की एक बाई इंग्रजीत सांगायची, "थ्रेट डिटेक्टेड." स्पीकर काकांनी फुल ठेवला होता.

निवडणुकीच्या दिवसांत वॉर्डातले एक भिया, म्हणजे गल्लीतले पुढारी, पत्रक छापायला आले. बरोबर पोरं, गळ्यात दुपट्टा. पेन ड्राइव्ह लावला. बाई बोलली.

भियांचा चेहरा बदलला. "काकाजी, ये क्या बोल री है?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी माझ्या पायावर पाय दिला.

"स्वागत कर री है आपका."

"अच्छा?" भियांनी पोरांकडे बघितलं. "एक बार फिर लगाओ तो."

काकांनी पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला. थ्रेट डिटेक्टेड. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर उभे होते त्यांनाही आत बोलावून ऐकवलं. वानखेडे अंकल मान खाली घालून टाइप करत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

जाताना भियांनी मला बाजूला घेतलं. "सुनो यार, हमारी प्रचार गाड़ी के स्पीकर में ये वाली बाई आ जाएगी क्या?"

*

इथपर्यंत मला मजा येत होती. मग त्याच अँटिव्हायरसने आमची मराठी पकडली.

आम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो, त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लागतो. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण तो आधी स्वतः वाचतो आणि मग त्याचं मराठी अक्षर करून स्क्रीनवर पाठवतो. अँटिव्हायरसला वाटलं, हा कोणाचेतरी पासवर्ड चोरतोय. त्याने तो उचलून कप्प्यात टाकला.

वानखेडे अंकल स्क्रीनकडे बघत नाहीत. कागदाकडे बघतात, आणि बोटं परेड करतात. कोणा निवृत्त मुख्याध्यापकांचं मानपत्र होतं. अख्खं झाल्यावर त्यांनी मान वर केली. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा ढीग.

"पराग," ते मला शांतपणे म्हणाले, "हे काय आहे?"

काका उठून आले, बघितलं आणि लाल झाले. "हे मुद्दाम आहे. ह्यांना मराठी चालत नाही. उद्याच मराठी समाजाच्या बैठकीत मांडतो."

"कोणाला चालत नाही?"

"हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना. भोपाळवाले असतील, सरकार तिथेच बसतं."

अंकल म्हणाले, "काका, बाहेरच्या देशातलं आहे ते."

"मग तिथपर्यंत पोचलंय म्हणा!"

मी समजावलं. म्हटलं, मराठीशी काही संबंध नाही, हा खोटा अलार्म आहे. "खोटा म्हणजे?" काका म्हणाले. "तो प्रोग्राम बटणं वाचत नाही का?" म्हटलं, वाचतो. "आपल्याला न विचारता?" म्हटलं, हो. "मग खोटं काय आहे त्यात?"

ह्याचं उत्तर कॉलेजात शिकवत असणार. बहुतेक मी सोडलं त्याच्या पुढच्या वर्षी. मी गुपचूप सेटिंगमध्ये गेलो आणि तो प्रोग्राम सूट दिलेल्यांच्या यादीत घातला. मराठी परत आली. काका माझ्या खांद्यावरून बघत होते.

"म्हणजे आपल्या ओळखीचा असला तर सोडायला सांगता येतं?"

मी "हो" म्हटलं. एवढंच म्हटलं.

*

त्यानंतर लाल खिडकी आली की काका पहिला प्रश्न विचारायचे, "कोणाकडून आलंय?"

फाइलमध्ये काय आहे, तिचं नाव काय, ती काय करते, ह्याच्याशी मतलब नाही. ओळखीच्या बापटांची फाइल असली तर सोडा. "बापट असं करणार नाहीत. त्यांच्या वडिलांनी आयुष्यात कधी विनातिकीट प्रवास केला नाही." अनोळखी पोराची असली तर डिलीट, मग ती परीक्षेचा फॉर्म असो की बायोडेटा. ह्या लोकांनी मुलींची लग्नं अशीच जुळवली, नोकऱ्या अशाच लावल्या, तर फायली वेगळ्या रीतीने कशाला तपासतील?

काकांची मुलगी मुग्धा नुकतीच मानपूरला दिली होती. तिचे सासरे दिघे, हायवेवर त्यांचं ऑटो पार्ट्सचं दुकान. ते एकदा आले आणि काहीतरी प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह देऊन गेले. लावल्याबरोबर बाई ओरडली. फाइलचं नाव 'लग्न फोटो', आणि शेवटी ई-एक्स-ई.

मी म्हटलं, "काका, हा फोटो नाही. हा प्रोग्राम आहे. फोटो असा नसतो."

"नाव वाच."

"नाव कोणीही काहीही देतं."

"व्याह्यांचं डिलीट करू? पोरीला सासरी जाऊन महिना नाही झाला." आणि काकांनी दोन बोटांनी माउस धरून 'सोडा' दाबलं, 'नेहमीसाठी' वर खूणही केली.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोल्डरमध्ये एक 'लग्न फोटो' होता. दुसऱ्या दिवशी दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये. गिऱ्हाइकं फोन करायला लागली. "मुळ्येजी, फोटो भेजे आपने, पर खुल नहीं रहे." काकांना इतका आनंद झाला की त्यांनी मानपूरला फोन लावला. मी समोरच होतो.

"दिघेसाहेब, तुमचे फोटो पूर्ण जुनी इंदूरमध्ये पोचले हो."

पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"कुठले फोटो? फोटोवाल्याने अजून दिलेच नाहीत."

*

यावर काकांनी काय केलं? व्हायरस काढला? नाही. व्यवस्था लावली.

आमच्या शहराला कचरा वेगळा करण्याचा केवढा अभिमान आहे ते सांगायला नको. सकाळी गाडी येते, गाणं वाजतं, ओला इकडे, सुका तिकडे. काकांनी डेस्कटॉपवर दोन फोल्डर केले. एकाचं नाव 'गीला', दुसऱ्याचं 'सूखा'. संशय आला की फाइल गीलामध्ये. चांगली असली की सूखामध्ये.

"गीलामध्ये टाकून काय होतं?" मी विचारलं.

"वेगळी होते."

"पण असते तर मशीनमध्येच."

"कचरा काय आकाशात जातो का? तोही शहरातच असतो कुठेतरी."

वानखेडे अंकल म्हणाले की त्यांना उठून काकांच्या मशीनवर यावं लागतं, त्रास होतो. म्हणून काकांनी भाच्याकडून गीला फोल्डर तिन्ही मशीनवर शेअर करून घेतला. म्हणजे एका मशीनचा सगळा कचरा आता बाकीच्या दोघांना बसल्या जागी मिळायला लागला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडलो. गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. गीला फोल्डर आत्ताच्या आत्ता बंद करा, म्हटलं. लाल आलं की सरळ डिलीट करायचं. आणि फाइल कोणाची आहे हे बघायचं नाही. बापटांची असो, व्याह्यांची असो, देवाची असो. माणूस बघायचा नाही, फाइल बघायची.

काकांचा चेहरा उतरला. वानखेडे अंकलांनी पाणी आणून दिलं. मला नाही, काकांना. घरी बाबांना फोन गेला आणि रात्रीच्या जेवणात मला ते सगळं परत ऐकावं लागलं. मोठ्यांशी असं बोलतात का? मी म्हटलं, मी बरोबर बोललो. बाबा म्हणाले, "बरोबर होतं की नाही हे कोण विचारतंय?"

*

केतनदादा पुण्याहून इथे नोकरीला आले आहेत, सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत. मुलीच्या बारशाचं कार्ड करायला आले होते. काकांनी नमुन्याला जुनं कार्ड शोधून पाठवलं, त्यांच्या मोबाइलवर ते भुगा झालं. मी माझा मॅक्रो चालवला. भुग्याची मराठी झाली.

केतनदादा खुर्ची ओढून बसले. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"पुन्हा दाखव."

मी अख्खं फोल्डर लावून दाखवलं. ते कार्ड विसरले. कंपनीत त्यांना जुन्या मराठी कागदपत्रांचं असंच काम होतं आणि माणूस मिळत नव्हता. "बुधवारी ऑफिसला ये, ही फाइल घेऊन. साहेबांसमोर चालवून दाखव. डिग्रीचं मी बोलतो." मग दारातून वळून म्हणाले, "फाइल मात्र आण. नुसतं सांगून त्यांना पटणार नाही."

आधा इंजिनिअर म्हणणाऱ्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी माझा चहा काकांनी स्वतः मागवला. हे कबूल करायला पाहिजे.

मंगळवारी मी फाइलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली. घरी कॉम्प्युटर नाही, कॉलेज सोडल्यावर बाबांनी लॅपटॉप विकला. पेन ड्राइव्ह मशीनलाच लावलेला राहू दिला आणि कार्डांचा गठ्ठा द्यायला गेलो. आलो तर काका हात झटकत बसले होते, चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान.

"सगळं मशीन तपासलं," ते म्हणाले. "पेन ड्राइव्हसकट. तुझी उद्या मुलाखत आहे, म्हटलं तिथे खराब काही जायला नको."

मी फोल्डर उघडलं.

"काका, माझी फाइल?"

"ती का? तिच्यात निघाला."

"काय निघाला?"

"व्हायरस. लाल आलं. लिहिलं होतं, ही फाइल दुसऱ्या फायली उघडून आतलं बदलते."

"ते तिचं कामच आहे."

"हो ना? मग मशीन खोटं कुठे बोललं?"

"पेन ड्राइव्हवरची?"

"तिच्यातही तेच. दोन्हीकडची काढली. कायमची. मी काम आधं सोडत नाही."

"तिच्यावर माझं नाव होतं."

"म्हणूनच तर." काका दुखावल्यासारखे झाले. "सोडायला सांगणार होतो मी. बोट नेलं होतं. मग म्हटलं नाही. घरच्यासारखा आहे म्हणून ह्याची सोडायची आणि दुसऱ्याची नाही, हे पुन्हा तेच झालं. तूच म्हणालास ना, माणूस बघायचा नाही?"

"निदान गीलामध्ये टाकायची होती."

"गीला तू बंद केलास."

मी वानखेडे अंकलांकडे बघितलं. ते कागदाकडे बघून टाइप करत होते, पण कागद उलटा होता.

पुसलेल्या फायली परत आणणारा एक प्रोग्राम मी डाउनलोड केला. अँटिव्हायरसने तोही पकडला. खरा होता की खोटा अलार्म, देव जाणे. मी 'सोडा' दाबलं. बऱ्याच फायली परत आल्या. रामचंदर दांच्या मुलीची पत्रिका आली, तीनदा. माझी नाही आली.

निघताना मी काकांना एकच विचारलं. "आणि दिघ्यांची? 'लग्न फोटो'? ती अजून सूट दिलेल्यांमध्येच आहे. ती का नाही काढली?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"ती तुझ्या नियमाच्या आधीची आहे."

बुधवारी मी फाइल न घेता गेलो. नोकरी मिळाली नाही.